मेणासारखा चेहरा: ब्रश बदलण्याआधी फाईल बघा

तुमच्या आजींचा जुना फोटो तुम्ही अ‍ॅपमध्ये दुरुस्त केलात, तो टॅबवर छान दिसतो आणि मोठ्या प्रिंटमध्ये चेहरा मेणाचा होतो, हे वाचलं आणि माझे ते दिवस आठवले. अ‍ॅप कुठलं, ब्रश कुठला, ते नंतर. आधी सांगा, फोटो तुमच्याकडे आला कसा? व्हॉट्सअ‍ॅपवरून?

माझा तसाच आला होता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्याने भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोचा फोटो काढून पाठवला आणि मी त्यावर अकरा रात्री बसले. त्यांच्या जन्मशताब्दीला १२ बाय १८ इंचाची फ्रेम करायची होती. त्या मापाला इंचामागे ३०० धरले तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. भिंतीवर लांबून बघायचं असेल तर २०० धरले तरी चालतं, हे माझं मत. माझ्या फाईलची लांब बाजू होती १६००, म्हणजे इंचाला जेमतेम ८९!

हीलिंग ब्रश शेजारच्या त्वचेचा पोत उचलून डागावर बसवतो. जेपेग, म्हणजे फोटोच्या फाईलचा नेहमीचा प्रकार, मात्र ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून फोटो दाबतं, म्हणजे फाईल लहान करतं. जास्त दाबलं की बारीक पोत जातो. मग ब्रश उचलणार काय? गाल गुळगुळीत होतात, आणि टॅबच्या लहान स्क्रीनवर ते कळतही नाही.

लॅबने तर तीन प्रिंटचे पैसे घेतले आणि दर वेळी एकच, "फोटो फाटतोय." किती पिक्सेल हवेत, हे विचारलं तर कोणी मान वर करून बघेना. पहिल्या दिवशी एवढं सांगितलं असतं तर माझ्या अकरा रात्री वाचल्या असत्या. अजून राग येतो.

तेव्हा मूळ फोटो पुन्हा मिळवा. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा आणि फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर कृपा करून ओढू नका, वरचा थर काचेबरोबर निघून येतो. काचेतूनच टिपा, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड ठेवा आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडणार नाही.

मी व्यावसायिक नाही, घरचेच फोटो करते, पण दुरुस्ती नेहमी वेगळ्या रिकाम्या लेअरवर करते आणि शेवटी त्या लेअरची अपारदर्शकता कमी करून बघते. ब्युटी फिल्टर जुन्या फोटोला लावूच नये. फ्रीक्वेन्सी सेपरेशनही (बारीक पोत एका थरात आणि रंग-छटा दुसऱ्या थरात वेगळ्या करून दुरुस्ती करणं) इथे नको. फोटोच्या कागदाचा दाणा आणि त्वचेचा पोत त्यात एकाच थरात येतात.

आणि गालांना हात लावण्याआधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला फोटो दाखवा. मी बुरशीचे डाग समजून जे पुसले, ते आजोबांचे देवीचे व्रण होते. आत्या प्रिंट बघून म्हणाली, "हे अण्णा नाहीत गं." दुसऱ्या वेळी ती शेजारी बसली आणि कुठला डाग ठेवायचा, कुठला काढायचा, ते बोट ठेवून सांगत गेली.