बर्मिंगहॅमला दिसणारा बीबीसी आयप्लेयर पुण्यात का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: लेकीकडे बर्मिंगहॅमला सहा महिने राहिलात, तिथे बीबीसीवरचा शुक्रवारचा बागकामाचा कार्यक्रम बघायची सवय लागली, चुकला तर शनिवारी आयप्लेयरवर, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर दाखवणाऱ्या सेवेवर, बघायचात. पुण्याला आल्यावर त्याच टॅबवर, लेकीच्याच लॉगिनने उघडलंत तर कार्यक्रम सुरूच होत नाही. पैसे भरायची तयारी आहे, मग अडतंय कुठे?

ताई, मी सात वर्षं लीड्सला होतो, त्यामुळे ही तगमग मला चांगली कळते. लॉगिनचा इथे उपयोग नाही. तुमचं इंटरनेट कुठल्या देशातून येतंय हे आयप्लेयर आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, बघतो. तो पत्ता ब्रिटनचा नसला की कार्यक्रम चालू होत नाही, मग नाव-पासवर्ड कोणाचाही असो.

ब्रिटनमध्ये टीव्ही बघायला दरवर्षी पैसे भरून लायसन्स घ्यावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड झालं होतं, आणि १ सप्टेंबर २०१६ पासून आयप्लेयरवर काहीही बघायचं तर ते लागतंच. आपल्याकडेही हे होतं. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत रेडिओच्या लायसन्सची पुस्तिका सापडली होती, पोस्टातून आणलेली तिकिटं ओळीने चिकटवलेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात आपल्याकडे ते बंद झालं, तिथे अजून चालू आहे. लायसन्स त्या घराच्या पत्त्यावर असतं. तुम्ही लेकीच्या घरी बघत होतात तेव्हा तिच्या लायसन्समध्ये तुम्ही धरलेल्या होतात, पुण्यात नाही.

पण खरी अडचण लायसन्सची नाही. तेवढंच असतं तर तुमच्याकडून पैसे घेऊन मोकळे झाले असते. टीव्हीवर दिसणारा कार्यक्रम सहसा एकाच मालकाचा नसतो. त्यात कुणाचं संगीत असतं, कुणाची जुनी चित्रफीत असते, सूत्रसंचालकाचा करार असतो, आणि कित्येकदा कार्यक्रम बाहेरच्या निर्मितीसंस्थेने केलेला असतो. यातलं बरंचसं वाहिनी आपल्या देशापुरतं घेते, कारण जगभराचे हक्क घ्यायचे तर किंमत फार वाढते. उरलेल्या देशांचे हक्क वेगळे विकले जातात. बीबीसीची विक्री करणारी शाखा म्हणजे बीबीसी स्टुडिओज. आपल्याकडे निसर्गावरचे कार्यक्रम सोनी बीबीसी अर्थवर लागतात ते याच व्यवहारातून. आयप्लेयर भारतात फुकट उघडला तर इथली वाहिनी त्याच कार्यक्रमांसाठी पैसे का मोजेल? विम्बल्डनचंही तसंच. ब्रिटनमध्ये ते बीबीसीवर, भारतात स्टार स्पोर्ट्सकडे.

हे इंटरनेटमुळे सुरू झालं असंही नाही. स्पेनच्या किनाऱ्यावर निवृत्त होऊन राहिलेले हजारो ब्रिटिश लोक मोठ्या डिश लावून मायदेशातल्या वाहिन्या बघायचे. २०१४ मध्ये त्या वाहिन्या नव्या उपग्रहाच्या, ब्रिटनकडेच रोखलेल्या अरुंद झोतावर गेल्या आणि तिथल्या कित्येक डिश निरुपयोगी झाल्या. तेव्हाही मुख्य कारण हक्कांचंच होतं.

तुमच्यासारखे पैसे द्यायला तयार असणारे लोक त्यांना माहीत नव्हते असं नाही. जुलै २०११ मध्ये ग्लोबल आयप्लेयर नावाने सशुल्क सेवा सुरू झाली होती, पश्चिम युरोपातल्या ११ देशांत, आयपॅडवर. पुढे आणखी काही देश जोडले गेले, भारत नाही. जून २०१५ मध्ये ती बंद केली. मला याचं आजही वाईट वाटतं. माणूस पैसे देतोय, त्याला तो कार्यक्रम मनापासून हवाय, आणि घ्यायला खिडकीच नाही! युरोपीय संघाने १ एप्रिल २०१८ पासून नियम केला की सशुल्क सेवेचा ग्राहक संघातल्या दुसऱ्या देशात काही दिवस गेला तर त्याची सेवा तिथेही चालली पाहिजे. म्हणजे मनावर घेतलं तर मार्ग निघतो. हक्कांचं कारण खरं आहे, पण त्यापुढे काहीच करता येत नाही हे मला पटत नाही.

ज्यांच्याकडे हक्क असतात ते किती मोकळेपणाने देतात तेही बघा. नॉर्वेच्या एनआरके या प्रसारणसंस्थेने २००९ मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून जास्तीचा रेल्वेप्रवास अख्खा दाखवला. इंजिनाच्या पुढून केलेलं ते चित्रण नंतर कुणीही उतरवून घ्यावं म्हणून जगाला खुलं केलं. चित्रण त्यांचं स्वतःचं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. फ्रान्स-जर्मनीच्या आर्टे वाहिनीचे पुष्कळ माहितीपट इंग्रजी उपशीर्षकांसह भारतातून दिसतात. जपानची एनएचके वर्ल्ड तर सगळ्यांसाठी फुकट आहे.

व्हीपीएन, म्हणजे आपला पत्ता दुसऱ्या देशातला दाखवणारी सेवा, घ्या असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मी सांगणार नाही. सेवेच्या अटींत ते बसत नाही, आयप्लेयर असे पत्ते ओळखून अडवत राहतो, आणि फुकटच्या व्हीपीएनच्या हाती आपली इंटरनेटवरची सगळी ये-जा द्यायची हे तर मला अजिबात मान्य नाही.

तुम्ही दोन गोष्टी करा. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधल्या बागकामाच्या संस्थेची यूट्यूब वाहिनी आपल्याकडे दिसते. कुंड्या, कंपोस्ट, छाटणी, सगळं शांतपणे समजावतात. आणि लेक पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा तिला निघण्याआधी तिथेच, मोबाइल किंवा टॅबवरच्या आयप्लेयर ॲपमध्ये भाग डाउनलोड करून ठेवायला सांगा. ब्रिटनमध्ये असताना उतरवलेले भाग परदेशात बघायला बीबीसीची परवानगी आहे. मी दिवाळीला नाशिकला यायचो तेव्हा आदल्या रात्री पाच-सहा भाग उतरवून ठेवायचो. आई चष्मा लावून टॅब मांडीवर घेऊन बसायची आणि गुलाबाची छाटणी आली की थांबवायला लावायची. तिकडे ती फेब्रुवारी-मार्चमध्ये करतात, आपल्याकडे ऑक्टोबरात. पण कात्री फांदीवरच्या डोळ्याच्या (कोंबाच्या) किती वर आणि कशी तिरकी धरायची ते तिने तिथूनच घेतलं.

उतरवलेल्या भागांना मुदत असते, ती संपली की ते आपोआप जातात. म्हणून लेकीला अगदी निघायच्या दिवशीच उतरवायला सांगा, आणि विमानतळावर जाण्याआधी इंटरनेट बंद करून एक भाग चालवून बघायला सांगा.