‘फक्त अकरा पेशंट’ आणि अडकलेला थिसिस

"मॅडम, पीएचडी सोडू का?" हा प्रश्न आता मला पाठ झालाय. त्यातही दुर्मिळ आजारांवर काम करणारी मुलं आली की पुढचं वाक्य ठरलेलंच, पेशंटच मिळत नाहीत, डेटा होणार कसा. म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलीबद्दल लिहिते, तिला विचारून आणि ओळख लागेल असं सगळं बदलून.

तिचा विषय फॅन्कोनी ॲनिमिया. यात पेशींना डीएनएची एका प्रकारची मोडतोड दुरुस्त करता येत नाही, हळूहळू अस्थिमज्जा रक्त बनवायचं बंद करते आणि कॅन्सरचा धोकाही खूप वाढतो. चौथं वर्ष चालू, हातात अकरा जणांचे नमुने (नाव नाही, नुसता नंबर), आणि दोन महिने ही लॅबमध्ये जाऊन नुसती पेपर वाचत बसलेली.

पहिल्या दोन सेशनला मी चुकले. टाळाटाळ असेल म्हणून वेळापत्रक करून दिलं. तिने ते रंगीत पेनांनी छान लिहून आणलं आणि काम काडीचं केलं नाही.

तिसऱ्यांदा परत "फक्त अकरा" सुरू झालं. मी म्हटलं, गुइडो फॅन्कोनीने १९२७ मध्ये हा आजार मांडला तेव्हा त्याच्यापुढे तीन भाऊच होते ना? (आदल्या रात्री वाचून ठेवलेलं, खोटं कशाला बोलू.) ती हसली. "ते माहितीये मला. २००२ मध्ये यातला एक जीन बीआरसीए टू निघाला, ब्रेस्ट कॅन्सरवाला, हे तर मीच सगळ्यांना सांगत असते."

म्हणजे थोड्या पेशंटवरूनही मोठं काही सापडतं हे उत्तर तिच्याकडे होतंच आणि तरी ती अडकलेली. मग म्हटलं, एकेका नंबरबद्दल सांग. एक ते सहा भराभर झाले. सातवर थांबली.

"सातचं रक्त नॉर्मल आलेलं. औषध घालून क्रोमोसोम तुटतात का बघतो आम्ही, मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी मोजत. तुटलेच नाहीत. पण कधीकधी रक्तातल्या काही पेशी स्वतःच जीन दुरुस्त करून घेतात, म्हणून मी त्वचेच्या पेशी मागायला लावल्या. त्यात तुटले."

"म्हणजे निदान तुझ्यामुळे झालं."

"हो." बराच वेळ काही नाही. "दोन महिन्यांपूर्वी मीटिंगला एक्सेल शीट उघडली तर सातच्या ओळीत शेवटच्या रकान्यात एक्सपायर्ड लिहिलेलं. सर म्हणाले, नेक्स्ट."

"तू भेटली होतीस?"

"कधीच नाही. नावसुद्धा माहीत नाही. मग मी कशाला रडू?"

आणि रडली.

पेशंट गेल्यावर डॉक्टरला वाईट वाटून घ्यायची थोडीतरी मुभा असते, घरच्यांना तर असतेच. या मुलांच्या वाट्याला येतो कोड नंबर, पण त्या माणसाच्या पेशी वाढतात यांच्याच हातात, आणि माणूस गेल्यावरही नायट्रोजनच्या टाकीत तशाच असतात. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, या मुलीने शिकवलं. मन जिथे अडतं तिथे न बोललेलं काहीतरी असतं असं मी पहिल्यापासून मानते, लोकांना टिप्स हव्या असतात म्हणून मलाही मोह होतो, पण वेळापत्रकाचं काय झालं ते वर सांगितलंच.

तेव्हा सोडायचं का हे ठरवायच्या आधी काम नेमकं कुठल्या दिवसापासून थांबलं ते बघा. बऱ्याचदा तारीख सापडते. अशी बातमी शीटमधून कळू नये, कोणीतरी तोंडाने सांगावी, एवढं गाईडकडे मागणं काही जास्त नाही. आणि नमुने खरंच कमी पडत असतील तर तो व्यवहाराचा प्रश्न, दुसऱ्या सेंटरबरोबर काम करता येतं, पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्री असतात, थोड्या पेशंटवर खोलात जाऊन लिहिता येतं, पण हे गाईडसमोर बसून पहिल्या वर्षी बोलायचं, चौथ्या वर्षी माझ्यासमोर नाही.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा सातच्या गोठवलेल्या पेशींची व्हायल टाकीतून काढून झाली होती. ३७ डिग्रीच्या पाण्यात वितळवताना मैत्रिणीला नुसतं शेजारी उभं राहा म्हणाली. एवढं सांगून झालं आणि उरलेला अर्धा तास सरांच्या तक्रारी, अगदी मनसोक्त.