आमच्या वाडीला स्वतंत्र ग्रामपंचायत आहे, तरी ऑनलाइन सातबाऱ्याच्या गावयादीत वाडीचं नाव का नाही?

कारण ती यादी महसुली गावांची, म्हणजे जमिनीच्या दप्तरातल्या गावांची आहे, ग्रामपंचायतींची नाही. महाराष्ट्रात महसुली गाव जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे ठरतं. ग्रामपंचायत १९५८ च्या वेगळ्या कायद्याने. एका मोठ्या गावाच्या वाड्यांना स्वतंत्र पंचायत मिळू शकते, उलट दोन-तीन छोट्या गावांची मिळून गट ग्रामपंचायतही असते. पंचायत वेगळी झाली म्हणून जमिनीचं दप्तर आपोआप वेगळं होत नाही. तुमच्या वाडीची जमीन बहुधा मूळ गावाच्या नावावरच चालू असेल.

जुना सातबारा किंवा खरेदीखत काढा, त्यावर ‘गाव’ आणि गट नंबर काय लिहिलाय ते पाहा आणि यादीत तेच गाव निवडा. कागद नसेल तर तलाठ्याकडे विचारा (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी). हे ग्रामसेवकाचं (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) काम नाही; त्याच्याकडे घराचा नमुना ८ मिळतो, तो कर आकारणीचा उतारा. खातेउतारा ८अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) मात्र महसूल खात्याचा. या दोन आठांत भलेभले फसतात.

मात्र गावठाणातल्या घराच्या जागेला सहसा सातबारा नसतोच. तिथे नगर भूमापन (सिटी सर्वे) झालं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) घ्यावी लागते.