लिम्फोसाइट एकटी जागी होत नाही

सोलापुरात राहून एमएस्सीला इम्युनॉलॉजी घेतलीस, फार बरं वाटलं. एक मात्र आत्ताच डोक्यात पक्कं कर. टी पेशी हा लिम्फोसाइटचा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीचा, एक प्रकार. तिला अँटिजेन, म्हणजे ती ओळखते तो पदार्थ, भेटलं की ती लगेच कामाला लागते, असं नसतं. डेंड्रायटिक पेशी, म्हणजे टी पेशीपुढे अँटिजेन मांडणारी पेशी, आपल्या पृष्ठभागावरच्या एमएचसी या प्रथिनावर अँटिजेनचा तुकडा दाखवते, हा पहिला संकेत. तिच्यावरचं बी७ हे प्रथिन टी पेशीवरच्या सीडी२८ या प्रथिनाला जुळलं, की दुसरा. दुसरा संकेत चुकला तर टी पेशी ढिम्म पडते; मग तेच अँटिजेन पुन्हा आलं तरी सहसा हलत नाही. सायटोकाइनचं, म्हणजे पेशींमधल्या निरोप्या प्रथिनांचं, नंतर वाच.

टी पेशीवरचं सीटीएलए-४ हे प्रथिन मात्र सोडू नकोस. ते बी७ला सीडी२८पेक्षा घट्ट धरतं आणि सक्रियतेला लगाम घालतं. हाच लगाम सैल करून कर्करोगावर उपचार शोधणाऱ्या जेम्स ॲलिसन यांना २०१८चं नोबेल मिळालं, तासुकू होंजो यांच्यासोबत.

टी पेशी एकटी जागी होत नाही, हे प्रयोगात डोळ्यांनी दिसतं. रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये ३७ अंशांवर तास-दोन तास ठेव. मोनोसाइट, म्हणजे टी पेशीला मदतीचे संकेत देणाऱ्या पांढऱ्या पेशी, तळाला चिकटतात. वरच्या तरंगत्या पेशी, ज्यांत टी पेशी असतात, काढून त्यांना पीएचए, म्हणजे टी पेशींना वाढायला लावणारं वनस्पतीतलं प्रथिन, दे. मोनोसाइट जितके नीट काढशील, तितकी टी पेशींची वाढ मंदावते. आणि इथल्या मे महिन्यात फायकॉल, म्हणजे रक्तातून या पेशी वेगळ्या करायचा द्रव, टेबलावर तापू देऊ नकोस. घनता बदलते, थर नीट बसत नाही.