‘आय ॲम नोइंग’ का चालत नाही? त्याची यादी पाठ करावी लागते का?

मुलाखतीत तुम्ही ‘आय ॲम नोइंग टॅली’ म्हणालात आणि समोरचे गालात हसले. आता तुमचा प्रश्न असा की नो, वाँट, लाइक, बिलाँग असल्या क्रियापदांना आयएनजी का लागत नाही, आणि त्यांची यादी पाठ करायची का.

यादीच्या नादाला लागू नका. मी लागलो होतो. वहीत चाळीसेक शब्द लिहून काढले, आणि ऐन वेळी त्यातला एकही आठवला नाही.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात आहे. परदेशी गिऱ्हाइकांचे मेल माझ्याकडे असतात. नवीन असताना एकाला ‘वुई आर हॅविंग टू फर्नेसेस’ असं लिहिलं होतं. साहेबांनी मेल वाचला आणि म्हणाले, “भट्ट्या आहेत व्हय आपल्याकडं, का जेवणात घेतल्यात?” इंग्रजीत ‘आय ॲम हॅविंग’ म्हटलं की बहुतेक वेळा जेवण, चहा, आंघोळ असलं काहीतरी चाललेलं असतं. नुसतं जवळ असणं सांगायचं तर ‘हॅव’ पुरतं.

घोळ आपल्या ‘तंय’मुळे होतो. मराठीत ‘समजतंय’, ‘दिसतंय’, ‘आवडतंय’ सगळं बिनदिक्कत चालतं. आमच्या कोल्हापुरात तर ‘कळंना झालंय’. ते तसंच उचलून इंग्रजीत ठेवलं की ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ तयार.

पण सुटकेची वाटही मराठीतच आहे. वाक्य ‘मी’नं सुरू होतंय की ‘मला’नं, एवढं बघा. रंकाळ्यावर उभं राहून ‘मी शालिनी पॅलेस बघतोय’ म्हणालात, तर बघण्याचं काम तुम्ही करताय : ‘आय ॲम लुकिंग ॲट इट’. ‘मला पॅलेस दिसतोय’ म्हणालात, तर तुम्ही काही करत नाही, तो आपोआप डोळ्यांत शिरतोय : ‘आय कॅन सी इट’. ‘मी ऐकतोय’ म्हणजे ‘आय ॲम लिसनिंग’, ‘मला ऐकू येतंय’ म्हणजे ‘आय कॅन हिअर’. ‘मी विचार करतोय’ म्हणजे ‘आय ॲम थिंकिंग’, ‘मला वाटतं’ म्हणजे नुसतं ‘आय थिंक’. मला समजतं, मला आवडतं, मला आठवतं, मला हवंय, मला माहीत आहे... इंग्रजीनं या सगळ्या ‘मला’ला ‘आय’चा सदरा घातलाय, म्हणून आपण फसतो. आत माणूस स्वस्थ बसलेलाच आहे, आणि आयएनजी लागतं ते हातातल्या चालू कामाला.

वस्तूंचंही तेच. मार्केट यार्डात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, तीस किलो भरतो, तेव्हा रवा बिचारा काही करत नाही : ‘इट वेज थर्टी किलोज’. हमाल तो काट्यावर तोलतोय, तेव्हा ‘ही इज वेइंग इट’. आई पांढऱ्या रश्श्याची चव बघतेय, ‘शी इज टेस्टिंग इट’. आणि रस्सा भारी लागतोय, ‘इट टेस्ट्स ग्रेट’. क्रियापद तेच, म्हणून तर यादीचा उपयोग नाही.

‘बी’चंही असंच. ‘तो शहाणा आहे’ म्हणजे ‘ही इज क्लेव्हर’. ‘लई शहाणपणा कराय लागलाय’ म्हणजे ‘ही इज बीइंग क्लेव्हर’. हा फरक कोल्हापूरकराला शिकवावा लागू नये.

माझी ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगतो. ‘मला बरं वाटतंय’ला ‘आय ॲम फीलिंग बेटर’ अगदी बरोबर आहे. ‘मी त्याला ओळखतो’ यात ‘मी’ असूनही ‘आय नो हिम’च. अर्थात तिथं आपणही ‘ओळखतोय’ म्हणत नाही, तेव्हा कानावर भरवसा ठेवा.

आणि कुणी मॅकडोनाल्ड्सचं ‘आय ॲम लव्हिंग इट’ तोंडावर मारेल. ते 2003 सालापासूनचं जाहिरातीचं वाक्य आहे. घास तोंडात असताना, या क्षणी मजा येतेय असं सांगायला इंग्रज माणूसही तसं बोलतो. पण ‘आय ॲम नोइंग’ तोही म्हणत नाही. पुढच्या मुलाखतीत ‘आय नो टॅली’ म्हणा आणि लगेच टॅलीत काय काय केलंय ते सांगायला लागा, ते जास्त विचारतात.