पुळणीवर नाही, खाडीच्या आत शोधा

किनाऱ्यावर जुनी वस्ती शोधायला निघालात की पाय आपोआप पुळणीकडे वळतात. तिथे वेळ घालवू नका. उघड्या समुद्रावर लाटांचा मारा असतो, वाळूही सरकत राहते. जुनी बंदरं खाडीच्या आत, आडोशाला वसली.

सोपारा, म्हणजे मुंबईजवळचं आजचं नालासोपारा, हे जुनं बंदर बघा. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तिथे मिळाले, 1882 मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. आज तिथे उभं राहिलं तर बंदर कुठे होतं हेच कळत नाही, कारण खाडी गाळाने भरत गेली. म्हणून आधी नकाशावर खाजणं (भरतीचं पाणी शिरणारी दलदल), मिठागरं, खाडीचे बुजलेले फाटे शोधा आणि त्यांच्या कडेची उंच, कोरडी जमीन पायी फिरा. गोड्या पाण्याची विहीर जवळ असेल तर तिथे जास्त वेळ द्या. माझा सगळ्यात जास्त भरवसा अशा जागांवर आहे.

खापर दिसलं तर कडा पाहा. झिजून गोल झाल्या असतील तर ते पाण्याने वाहून आणलेलं असू शकतं. धारदार असतील तर वस्ती बहुधा जवळच आहे. उचलू मात्र नका! फोटो आणि जागेची नोंद घ्या, पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि भरतीची वेळ पाहूनच खाजणात उतरा.