बटण दाबले, पण काहीच झाले नाही

वाचकांचे प्रश्न : विजेट आणि इव्हेंट

या वेळी आलेली बहुतेक पत्रे पायथॉनमधील टीकिंटरबद्दल आहेत आणि एक जावाच्या स्विंगबद्दल आहे; विंडो आणि बटणे असलेले प्रोग्रॅम लिहिण्याची ही साधने आहेत. विंडोतील बटण, लेबल अशा प्रत्येक भागाला विजेट म्हणतात आणि क्लिक, कळ दाबणे अशा घटनेला इव्हेंट. लक्षणे वेगवेगळी असली, तरी उत्तरे लिहिताना जवळजवळ प्रत्येक वेळी मला एकाच प्रश्नाशी यावे लागले : आपले फंक्शन कोण बोलावते आणि केव्हा बोलावते? विजेटचा आकार, रंग किंवा जागा बदलून पाहण्याआधी त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत एक साधा प्रिंट टाकून ते मुळात बोलावले जाते की नाही, हे बघावे. निम्मा तपास तिथेच आटोपतो.

प्रश्न : पतसंस्थेच्या ठेवींची नोंद करण्यासाठी मी एक छोटा फॉर्म तयार केला आहे. ‘जतन करा’ या बटणाला कमांड म्हणून जतन_करा() हे फंक्शन दिले आहे. प्रोग्रॅम सुरू होताच, कोणी काही न भरता, एक रिकामी नोंद फाइलमध्ये जाते आणि नंतर बटण कितीही वेळा दाबले तरी काहीही होत नाही. बटण बिघडले आहे का?

उत्तर : बटण व्यवस्थित आहे. घोळ नावापुढच्या कंसांचा आहे. कंस लिहिले, की पायथॉन ते फंक्शन त्याच क्षणी चालवतो आणि त्यातून जे परत येईल ते बटणाच्या हाती देतो. आपले फंक्शन काहीच परत करत नाही, म्हणजे ‘नन’ (‘काही नाही’ ही किंमत) परत करते; म्हणून बटण तयार होत असतानाच रिकामी नोंद पडते आणि पुढे बटणाजवळ बोलावण्यासारखे काही उरत नाही. कंस काढून नुसते जतन_करा असे नाव द्यावे. फंक्शनला काही माहिती पुरवायची असेल, तर लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेले बिननावी फंक्शन) वापरावा. (फंक्शनला आपण देवनागरी नाव दिले आहे, त्याला काहीच हरकत नाही, पायथॉन ३ मध्ये अशी नावे चालतात.)

हेच फंक्शन आपण पुढे एंटर कळीलाही जोडाल, असा माझा अंदाज आहे. तेव्हा एक फरक ध्यानात असू द्यावा. बटणाची कमांड फंक्शनला काहीही देत नाही. बाइंडने, म्हणजे कळ किंवा क्लिक अशा इव्हेंटला थेट, जोडलेल्या फंक्शनला मात्र इव्हेंटची माहिती असलेला एक ऑब्जेक्ट मिळतो. म्हणून फंक्शनमध्ये ‘इव्हेंट’ असा एक घटक (पॅरामीटर) ठेवून त्याची मूळ किंमत नन द्यावी, म्हणजे ते दोन्हीकडे चालेल. लिनक्सवर अंकपाटीवरील एंटर ही मुख्य एंटरपेक्षा वेगळी कळ मानली जाते आणि ती ‘केपी एंटर’ या नावाने स्वतंत्रपणे जोडावी लागते. रकमा भरणाऱ्या माणसाचा उजवा हात नेमका त्याच कळीवर असतो, त्यामुळे ती विसरल्यास तक्रार पहिल्याच दिवशी येईल.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण सांगतो. इव्हेंटमधून चाललेल्या फंक्शनमध्ये चूक झाली, तर टीकिंटर प्रोग्रॅम बंद करत नाही. झालेल्या चुकीचा तपशील कन्सोलवर (मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) छापतो आणि पुढच्या इव्हेंटची वाट पाहू लागतो. विंडोजवर फाइल पीवायडब्ल्यू या विस्तारनावाने चालवली, की कन्सोल उघडतच नाही आणि तो तपशील कोणाच्याही नजरेस पडत नाही. ‘घरी चालते, संस्थेत चालत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा एवढेच असते. मुख्य विंडोचे ‘रिपोर्ट कॉलबॅक एक्सेप्शन’ हे मेथड (ऑब्जेक्टचे स्वतःचे फंक्शन) बदलून तिथे आपले फंक्शन द्यावे आणि प्रत्येक चूक वेळेसह एका फाइलमध्ये लिहून ठेवावी. संस्थेत प्रोग्रॅम बसवण्यापूर्वी हे काम उरकावे.

प्रश्न : गणकयंत्राची दहा बटणे मी फॉर लूपमध्ये तयार केली. ती ० ते ९ अशी बरोबर दिसतात, परंतु कोणतेही बटण दाबले तरी ९ च उमटतो.

उत्तर : लॅम्डामध्ये आपण ‘अंक’ हे चल वापरले आहे. लॅम्डा त्या चलाची किंमत तयार होताना साठवून ठेवत नाही. बटण दाबले जाते तेव्हा ती पाहतो आणि तोवर लूप संपून अंक ९ वर थांबलेला असतो. लॅम्डाच्या पॅरामीटरमध्येच ‘अंक=अंक’ असे लिहिले, की त्या त्या फेरीची किंमत तिथेच बांधली जाते. पायथॉनच्या फंकटूल्स या मोड्यूलमधील ‘पार्शल’नेही हेच साधते आणि वाचायला ते अधिक स्वच्छ वाटते.

प्रश्न : आमच्या वाचनालयातील ४०,००० पुस्तकांची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाइलमधून वाचून एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये भरणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. काम सुरू करताच विंडो पांढरट पडते, शीर्षकपट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे येते आणि प्रगती दाखवणारी पट्टी शेवटी एकदम शंभर टक्क्यांवर उडी मारते. काम मात्र पूर्ण होते. पट्टी हळूहळू पुढे सरकावी म्हणून लूपमध्ये टाइम स्लीप (थोडा वेळ थांबवणारी सूचना) घातले, तर प्रोग्रॅम आणखीच हँग होतो.

उत्तर : स्लीप घातल्याने विंडोला उसंत मिळत नाही, उलट तिचा तेवढा वेळ आणखी अडकतो. टीकिंटरचा प्रोग्रॅम चालू ठेवणारा मेनलूप हे एकच चक्र आहे. माऊसचा क्लिक, कळ, विंडो पुन्हा रंगवण्याची विनंती, ठरवलेल्या वेळेची घंटा, असा एकेक इव्हेंट रांगेतून काढायचा, त्याला जोडलेले फंक्शन चालवायचे आणि ते परतले की पुढचा इव्हेंट घ्यायचा, एवढेच त्याचे काम असते. आपले ‘भरा’ हे फंक्शन ४०,००० नोंदी संपेपर्यंत परतत नाही. दरम्यान पट्टीची किंमत आपण बदलता, परंतु ती रंगवण्याची विनंती रांगेत पडून राहते. एखादी विंडो साधारण ५ सेकंद आपले संदेश उचलत नाही असे दिसले, की विंडोज ती अडकली आहे असे समजून तिच्यावर पांढरट पडदा टाकतो. बँकेतल्या एकाच खिडकीवरचा कारकून एका ग्राहकाची सगळी जुनी पासबुके भरत बसला, तर मागची रांग हलणार कशी?

बरेच जण यावर लूपमध्ये ‘अपडेट’ हे मेथड बोलावण्याचा उपाय सुचवतात. पट्टी हलू लागते हे खरे, तरीही मी तो सुचवणार नाही. अपडेट रांगेतील सर्वच इव्हेंट हाताळतो. म्हणजे कंटाळून कोणी ‘भरा’ हे बटण पुन्हा दाबले, तर पहिली भरणी अर्धवट असतानाच तिच्या पोटात दुसरी सुरू होते आणि यादीत प्रत्येक पुस्तक दोनदा येते. ‘अपडेट आयडल टास्क्स’ त्या मानाने निरुपद्रवी आहे, कारण ते क्लिक आणि कळा यांना हात न लावता प्रलंबित रंगकाम तेवढे करते. पण त्याने विंडो हलवता किंवा बंद करता येत नाही.

आपल्या कामासाठी ‘आफ्टर’ (ठरावीक वेळानंतर फंक्शन बोलावणारे मेथड) पुरेसे आहे. एका वेळी २०० नोंदी भरणारे फंक्शन लिहावे. तेवढ्या भरून झाल्या की त्याने पट्टी पुढे सरकवावी, ‘१० मिलिसेकंदांनी मला पुन्हा बोलवा’ असे आफ्टरला सांगावे आणि परतावे. मधल्या काळात मेनलूप आपली इतर कामे करून घेतो. इथेही आफ्टरला नुसते नाव द्यायचे आहे, कंस नाहीत. कंस दिले, तर फंक्शन मेनलूपकडे न परतता स्वतःलाच बोलावत राहील आणि विंडो पुन्हा अडकेल. काम चालू असताना बटण निष्क्रिय करून ठेवावे.

कामाचे तुकडे पाडता येत नसतील, उदाहरणार्थ एखाद्या संकेतस्थळावरून मोठी फाइल उतरवायची असेल, तर वेगळा थ्रेड (मुख्य कामाच्या बरोबरीने चालणारा कामाचा प्रवाह) घ्यावा लागतो. मात्र त्या थ्रेडने कोणत्याही विजेटला स्पर्श करू नये. त्याने आपली प्रगती एका क्यूमध्ये (निरोपांच्या रांगेत) टाकत राहावे आणि मुख्य थ्रेडने आफ्टरच्या मदतीने दर १०० मिलिसेकंदांनी ती क्यू रिकामी करून पट्टी हलवावी. पायथॉनमध्ये एसक्यूलाइटचे कनेक्शन, वेगळे काही सांगितले नसेल तर, ज्या थ्रेडमध्ये उघडले त्याच थ्रेडमध्ये वापरता येते. म्हणून भरणीसाठी थ्रेड केलाच, तर कनेक्शनही त्यातच उघडावे.

प्रश्न : लेबलवर लावलेले शाळेचे बोधचिन्ह दिसत नाही, जागा तेवढी रिकामी राहते. फाइलचा पत्ता बरोबर आहे आणि एररही येत नाही.

उत्तर : चित्राचा ऑब्जेक्ट आपण फंक्शनमधील स्थानिक चलात ठेवला आहे. फंक्शन संपताच पायथॉन तो पुसून टाकतो, कारण लेबल त्याला धरून ठेवत नाही. लेबल.चित्र = चित्र अशी एक ओळ पुरे.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्विंगमध्ये केलेल्या खेळात बाणांच्या कळांनी चौकोन हलतो, पण ‘पुन्हा सुरू’ हे बटण एकदा दाबले की कळा चालेनाशा होतात.

उत्तर : की लिसनर (कळांकडे लक्ष ठेवणारा ऑब्जेक्ट) ज्या घटकाला जोडलेला आहे, त्याच्याकडे फोकस (कळफलकाचा ताबा) असेल तरच त्याला कळा कळतात. बटण दाबताच फोकस बटणाकडे गेला. पुन्हा सुरू करताना पॅनेलकडे फोकस मागून घेणे, हा परीक्षेपुरता उपाय झाला. उद्या आणखी एक बटण आले की तेच पुन्हा करावे लागेल. त्यापेक्षा की लिसनर काढून टाकून इनपुट मॅप (कळीला नाव देणारी यादी) आणि ॲक्शन मॅप (त्या नावाला कृती देणारी यादी) यांच्या साहाय्याने कळा जोडाव्यात आणि इनपुट मॅप मागताना ‘व्हेन इन फोकस्ड विंडो’ ही अट द्यावी. मग त्या विंडोतील कोणत्याही घटकाकडे फोकस असला, तरी कळ आपल्या कृतीपर्यंत पोहोचते. तो घटक स्वतःच ती कळ वापरत असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : मी शिक्षक असून विद्यार्थ्यांची नोंदणी करणारा फॉर्म टीकिंटरमध्ये लिहिला आहे. नावाच्या एन्ट्रीत (मजकूर भरण्याच्या चौकटीत) अंक किंवा चिन्हे भरली जाऊ नयेत म्हणून बदल तपासणारी व्हॅलिडेट कमांड जोडून तिच्यात इजअल्फा ही तपासणी केली. इंग्रजी नावे ठीक भरली जातात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘राहुल’ टाइप केले, की ‘रहल’ उमटते. शिवाय पहिले अक्षर काही केल्या खोडता येत नाही.

उत्तर : हे पत्र वाचून आनंद झाला, कारण परभाषेतील कोणत्याही पाठ्यपुस्तकात हा प्रश्न सहसा येत नाही. इजअल्फा ही तपासणी मजकुरातील प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) वर्गीकरणात ‘अक्षर’ या गटात आहे का, एवढेच पाहते. र, ह, ल ही अक्षरे आहेत. काना, उकार, वेलांटी आणि हलन्ताचे चिन्ह मात्र ‘जोडचिन्ह’ या निराळ्या गटात मोडतात. कळ दाबल्यावर मजकूर ‘रा’ होणार असेल, तर तपासणी नकार देते आणि काना नाकारला जातो. ह स्वीकारला जातो, त्याचा उकार नाकारला जातो, आणि म्हणून ‘रहल’ उरते. याच न्यायाने ‘कृष्णा’चे ‘कषण’ होईल. तेच नाव दुसरीकडून आणून चिकटवले, तर ते संपूर्णच नाकारले जाईल. पहिले अक्षर खोडता न येण्याचे कारणही इथेच आहे : खोडल्यावर मजकूर रिकामा होतो आणि रिकाम्या मजकुराला इजअल्फा ‘नाही’ असेच उत्तर देते.

पायथॉनच्या युनिकोडडेटा या मोड्यूलमधील ‘कॅटेगरी’ हे फंक्शन प्रत्येक चिन्हाचा वर्ग सांगते. त्या उत्तराचे पहिले अक्षर एल (अक्षर) किंवा एम (जोडचिन्ह) असेल, किंवा ते चिन्ह रिकामी जागा वा टिंब असेल, तर ते स्वीकारावे. ही अट ‘ऑल’ या फंक्शनमध्ये गुंफली, की रिकामा मजकूर आपोआप मान्य होतो. तपासणीचे फंक्शन आधी रजिस्टर करावे आणि त्याला टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे कॅपिटल पी असा संकेत द्यावा, म्हणजे बदल झाल्यानंतर मजकूर कसा दिसेल ते हाती येते. फंक्शनच्या आत एन्ट्रीचे गेट बोलावल्यास मात्र बदलाच्या आधीचा मजकूर मिळतो.

प्रत्येक वाटेने ट्रू किंवा फॉल्स परत होईल याचीही काळजी घ्यावी. एखाद्या वाटेने काहीच परत झाले नाही, तर टीके (टीकिंटरच्या मुळाशी असलेली प्रणाली) ती तपासणी कायमची बंद करते आणि त्यानंतर एन्ट्रीत वाटेल ते भरता येते. नावाच्या लांबीला मर्यादा घालणार असाल, तर ‘क्षितिज’ या नावाची लांबी पायथॉनच्या हिशेबी ७ आहे, हे ध्यानात घेऊन ती सढळ ठेवावी. वयाच्या रकान्यात कोणी १२ असे देवनागरी अंक भरले, तर इंट हे फंक्शन त्याची संख्या बिनतक्रार करून देते. म्हणून अंक तपासताना शून्य ते नऊ या इंग्रजी चिन्हांच्या यादीशी ताडून पाहू नये.

आता राहिली ‘कुऱ्हाडे’ आणि ‘बऱ्हाटे’ यांसारखी आडनावे. हा ऱ्ह दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह असते. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्ताचे चिन्ह आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडणीचे चिन्ह असते, ज्याचा युनिकोड क्रमांक २००डी आहे. ते चिन्ह एल किंवा एम यांपैकी कोणत्याही वर्गात बसत नाही, त्यामुळे वरच्या अटीत त्याला नावानिशी परवानगी द्यावी लागेल. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथॉनच्या लेखी ती दोन वेगळी आडनावे आहेत. युनिकोडचे नॉर्मलाइझही (समान रूपे एकसारखी करणारे फंक्शन) त्यांना एक करत नाही, म्हणून शोध घेताना अर्धी मुले सापडत नाहीत. दुसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर साध्या रिप्लेसने होते. ते व्हॅलिडेट कमांडमध्ये मात्र करू नये, कारण तपासणी चालू असताना एन्ट्रीचा मजकूर बदलला तरीही टीके तपासणी बंद करते. नाव फाइलमध्ये जाण्यापूर्वी, जतन करणाऱ्या फंक्शनमध्ये ते करावे, आणि शोधाच्या चौकटीतून आलेल्या मजकुरावरही तेच रूपांतर चालवावे.